घोडा दर प्रवासात सोलवटून का येतो? तिरप्या कप्प्यांची गाडी निवडताना आणि दुरुस्त करताना

घोडी गाडीतून उतरली की मी आधी तिच्या उजव्या पुठ्ठ्याकडे, म्हणजे शेपटीशेजारच्या मांडीच्या वरच्या भागाकडे, बघायचे. तिथे दर वेळी तळहाताएवढी जागा सोललेली असायची. केस गेलेले, खाली ओलसर लाल कातडी आणि कडेला गाडीच्या निळ्या रंगाचे कण चिकटलेले. फलटणहून अकलूजच्या बाजारापर्यंतचा दोन-अडीच तासांचा प्रवास असो, की सारंगखेड्याच्या यात्रेची लांबची वाट, जखम ठरलेली आणि जागाही तीच. धुवून मलम लावायचं, पंधरा दिवसांत खपली धरायची, आणि पुढच्या प्रवासात ती पुन्हा निघायची.

चंद्रा ही आमची कुम्मैत (तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) मारवाडी घोडी, खांद्याशी ६१ इंच. स्वभावाने इतकी गरीब की शिंगरू पोटाखालून गेलं तरी पाय हलवत नाही. पण वर्षभरात ती गाडी बघितली की फाळक्यापाशीच पाय रोवून उभी राहायला लागली. माझ्या जिवाला लागलं ते हे, की ही गाडी मी मुद्दाम तिच्या सुखासाठी घेतली होती. दुसऱ्या राज्यातून विकत आणलेली, १४ फुटी हौद्याची, आत तीन तिरपे कप्पे, ४५ अंशांचा कोन. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ताई, तिरपा घोडा कधी पडत नाही." पडली नाही हे खरं. सोलवटून मात्र प्रत्येक वेळी आली.

अशीच तक्रार बऱ्याच जणांकडून ऐकते, म्हणून आम्ही ती कशी शोधली आणि कशी मिटवली ते सविस्तर लिहिते. तुम्ही नवी गाडी बांधून घेणार असाल किंवा परदेशात तयार ट्रेलर घेणार असाल, तरी मापाचा भाग तुम्हाला तसाच लागू पडेल.

आधी काय काय करून बघितलं

ड्रायव्हर बदलला. आधीचा मुलगा जोरात चालवायचा हे खरंच, पण नवे ड्रायव्हर बापू, त्यांच्या हातीही जखम झालीच. मग उजव्या भिंतीला गादी ठोकली. जखम उथळ झाली, पण शेपटीचं मूळ घासायला लागलं. खाली पाचट दुप्पट टाकलं. पायांना पट्ट्या बांधल्या, तर पट्ट्या घोट्याशी घसरून आल्या आणि डाव्या पुढच्या खुराच्या वर, जिथे केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला, नवीन चिरा दिसल्या. तिने स्वतःच्याच पायावर पाय दिला होता.

ही चीर बघून आमचे तात्या, जे चाळीस वर्षं घोडे सांभाळतायत, एवढंच म्हणाले, "पोरी, तिला पाय ठेवायला जागा नाही. गादीचं काय घेऊन बसलीस?"

मग आम्ही फोन पार्टिशनच्या वरच्या दांडीला उलटा बांधला, कॅमेरा खाली पायांकडे, आणि गावाबाहेरच्या रस्त्यावर पाच किलोमीटर गाडी फिरवली. तो व्हिडिओ मी तीन वेळा बघितला. वळण आलं की चंद्राचा उजवा मागचा पाय बाहेर पडायला निघायचा, जमिनीपर्यंत उतरलेल्या पत्र्याच्या पार्टिशनवर आपटायचा आणि परत आत यायचा. पुन्हा निघायचा, पुन्हा आपटायचा. चौथ्या-पाचव्या वेळी तिने तो प्रयत्नच सोडला आणि सगळं अंग मागे रेलून पुठ्ठा भिंतीला दाबून धरला. पाय रोवता येईनात तेव्हा ती भिंतीच्या आधाराने तोल सांभाळत होती. जखम तिथे होत होती ती यामुळे.

तिरपं उभं करण्यात तथ्य काय आहे

घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. तोंड पुढे करून सरळ उभ्या घोड्याला ब्रेक लागला की आणखी वजन पुढे जातं, छाती दांडीवर येते. अगदी आडवा उभा केला, जसं आपल्याकडे ट्रकमध्ये अजूनही करतात, तर ब्रेकचा धक्का कुशीवर येतो, आणि त्या बाजूने घोड्याचा पाया सर्वांत अरुंद. तिरप्या घोड्याला तोच धक्का एक पुढचा आणि एक मागचा पाय मिळून झेलता येतो. म्हणून कल्पना चांगली आहे. मोकळे सोडलेले घोडे चालत्या गाडीत आपणहून कसे उभे राहतात, हे परदेशात अभ्यासलं गेलंय. बरेच घोडे थोडे तिरपे, शेपूट इंजिनाकडे करून उभे राहिलेले दिसले, पण सगळे नाही, आणि अभ्यासांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. तेव्हा "तिरपं म्हणजे सुरक्षित" एवढ्यावर पैसे मोजू नका. तिरपेपणाचा फायदा घोड्याला पाय फाकवता आले तरच मिळतो. पाय बांधल्यासारखे झाले तर तिरपा कप्पा सरळ कप्प्याहूनही वाईट, कारण सगळा भार तासन्तास एकाच कर्णावर, म्हणजे एक पुढचा आणि त्याच्या तिरक्या विरुद्ध बाजूचा मागचा पाय यांवर, पडत राहतो.

माप: इथेच सगळी चूक होते

आमच्या गाडीची आतली रुंदी ६ फूट, म्हणजे ७२ इंच. ७२ इंची रुंदीत ४५ अंशांची रेषा मारली तर ती जवळपास १०२ इंच भरते. विकणारा हीच रेषा दाखवतो आणि "साडेआठ फूट जागा आहे" म्हणतो. पण घोडा म्हणजे रेषा नाही, त्याला पोटाची रुंदी आहे. चंद्राच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या धरून मोजलं तर २६ इंच. तेवढी रुंदी दोन्ही कोपऱ्यांत अडकते. ती वजा केल्यावर खरी लांबी उरते फक्त ७६ इंच.

चंद्राला किती लागते? पुठ्ठ्याच्या टोकापासून छातीच्या टोकापर्यंत अंग सुमारे ६१ इंच. मारवाडी घोड्याची ही लांबी साधारण त्याच्या उंचीएवढीच भरते. त्यापुढे मान आणि डोकं, ताठ नाही, सैल ठेवलेलं, आणखी २६ इंच. एकूण ८७. गाडीत होते ७६. वर्षभर मी तिला ११ इंच कमी जागेत कोंबत होते, आणि ते ११ इंच ती पुठ्ठ्याच्या कातडीवर भागवत होती.

हिशोब करायचा असेल तर असा: आतल्या रुंदीतून (पोटाची रुंदी गुणिले कोनाचा कोसाइन) वजा करा आणि आलेल्या उत्तराला कोनाच्या साइनने भागा. कोन गाडीच्या लांबीच्या रेषेपासून मोजायचा. गणित नको असेल तर आम्ही केलं तसं करा. अंगणात चुन्याने दोन समांतर रेषा मारल्या, गाडीच्या आतल्या रुंदीएवढ्या अंतरावर. मग बांबूचे चार तुकडे बांधून ८७ बाय २६ इंचांची चौकट केली, म्हणजे चंद्राचं अंगच. ती चौकट रेषांच्या मध्ये ठेवून फिरवत गेलो. आडवी नेली की कोपरे चुन्यावरून बाहेर पडायचे, सरळ केली की आत बसायची. चारही कोपरे आत राहतील असा जास्तीत जास्त तिरपा कोन म्हणजे तुमच्या घोड्याचा कोन. आमचा निघाला ३५ अंश. त्या कोनात ६ फुटी रुंदीतही ८८ इंच मिळतात.

७ फूट आतली रुंदी असेल तर ४५ अंशांतही ९२-९३ इंच मिळतात, म्हणजे ६१-६२ इंची घोड्याला ती गाडी आहे तशी चालते. पण शर्यतीतून आलेला ६५ इंची थरोब्रेड असेल तर त्याच गाडीत कोन ४० वर आणावा लागतो. भीमथडी तट्टू आखूड असतं, त्याला ६ फुटी गाडीतही अडचण येत नाही. पिकअपमध्ये मात्र तिरप्याचा नाद सोडा. साडेपाच फूट रुंद हौद्यात चौकट फिरवून बघितली तर मोठ्या घोड्यासाठी कोन पंचवीस-सव्वीस अंशांच्या वर जात नाही. पिकअपमध्ये एकच घोडा, सरळ, छातीला आणि पुठ्ठ्यामागे पॅडिंगच्या दांड्या. हेच त्याला सुखाचं.

दुसरं माप कप्प्याच्या रुंदीचं. आमच्या गाडीत तीन घोडे बसावेत म्हणून प्रत्येक कप्पा ३४ इंचांचा केला होता. २६ इंचांच्या घोड्याला दोन्ही बाजूंना चार-चार इंच. एवढ्यात पाय कसा टाकणार? कप्पा किमान ४० इंच हवा, पार्टिशनला काटकोनात मोजून. गाडीच्या लांबीच्या दिशेने मोजू नका, तिरप्यात ते माप मोठं दिसतं आणि फसवतं. ३५ अंशांत ४० इंची कप्पा गाडीच्या लांबीतले ७० इंच खातो. म्हणून आमच्या १४ फुटी गाडीत आता दोनच घोडे जातात. तिसऱ्या घोड्याचं भाडं गेलं हे कबूल. पण दोन धडधाकट घोडे बाजारात उतरवणं आणि तीन सोललेले उतरवणं यात गिऱ्हाईक फरक करतंच.

पार्टिशन खालपर्यंत नको

आम्ही मिस्त्रींकडून पत्र्याची पार्टिशनं जमिनीपासून ३० इंचांवर कापून घेतली. खाली मोकळं ठेवलं तर शेजारच्या घोड्याचा पाय लागतो आणि कुणी बसलाच तर खाली सरकू शकतो, म्हणून त्या ३० इंचांत रबराचा पडदा सोडला. साखर कारखान्याच्या भंगारात कन्व्हेअर बेल्टचा तुकडा मिळतो, तो यासाठी उत्तम: जाड असतो, पाय आपटला तर वाकतो, पाय काढला की परत येतो. कापलेल्या पत्र्याच्या धारेवर पाइप वेल्ड करायला विसरू नका, उघडी धार सुरीसारखी कापते. पार्टिशनच्या वरच्या भागाला फोम आणि रेक्झिन.

पार्टिशनची खिट्टी घेतानाच तपासा. एका बाजूने दोन माणसांनी पार्टिशनवर अंग टाकून रेलायचं आणि तिसऱ्याने बाहेरून खिट्टी ओढायची. निघाली तर ठीक. आमची निघाली नाही. घोडा गाडीत अडकून पडला असता तर चारशे किलो रेललेलं असताना ती खिट्टी कुणालाच काढता आली नसती. सरकती कडी काढून आम्ही उभी पिन बसवली, जी वर उचलली की भार असतानाही सुटते.

तोंड कुठल्या बाजूला, दार कुठल्या बाजूला

प्राण्यांच्या वाहतुकीचे १९७८ चे केंद्राचे नियम आहेत. त्यात घोड्यांचा वेगळा भाग आहे आणि तो गाडी बांधण्याआधी वाचण्यासारखा आहे. घोड्याचं तोंड डावीकडे, रहदारीपासून दूर असावं. दोन घोड्यांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू आणि मागे दोन मजबूत दांडे असावेत. तळाला न घसरणारं काही हवं. एका गाडीत चार ते सहापेक्षा जास्त घोडे नकोत. सोबत माणूस हवा. आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नको. निघण्याआधी पशुवैद्यकाचा प्रवासयोग्यतेचा दाखलाही लागतो. बाजारात न्यायचं असेल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचं वेळेत बघा, रक्ताचा नमुना पाठवून अहवाल यायला दिवस जातात.

डावीकडे तोंड, म्हणजे तिरप्या गाडीत डोकी पुढे-डावीकडे आणि पुठ्ठे मागे-उजवीकडे. अमेरिकेतल्या बहुतेक तिरप्या ट्रेलरांत डोकी डावीकडेच असतात, त्यामुळे तिकडचा आराखडा उतरवला तर ही गोष्ट आपोआप जुळते. पण माणसाचं दार तिकडे उजवीकडे असतं, कारण तिथे रस्त्याची कड उजवीकडे. आमच्या गाडीत ते तसंच उजवीकडे केलं होतं. मनमाडच्या अलीकडे एकदा चंद्राला पाणी पाजायला मी त्या दारातून उतरले आणि माझ्या पाठीमागून हातभर अंतरावरून कंटेनर गेला. बादली हातातून सुटली. दुसऱ्या आठवड्यात ते दार बंद करून डाव्या बाजूला नवीन पाडलं. तयार गाडी बघायला जाल तेव्हा दार आणि चाऱ्याची खिडकी कुठे उघडते ते पहिल्यांदा बघा.

आपला रस्ता कडेला, म्हणजे डावीकडे उतरता असतो. डोकी डावीकडे असल्याने घोड्यांचा जास्त भारही त्याच बाजूला. म्हणून पाण्याचे ड्रम आणि चाऱ्याच्या पेंढ्या आम्ही उजव्या पुढच्या कोपऱ्यात ठेवतो. तिरप्या कप्प्यांमुळे उरलेला त्रिकोण त्याला पुरतो.

जखम बघून कारण ओळखा

आता चंद्राव्यतिरिक्त इतर घोड्यांत बघितलेल्या खुणा. पुठ्ठा किंवा शेपटीचं मूळ घासलेलं असेल तर लांबी कमी आहे, मोजा. पुढच्या खुरांच्या वरच्या कडेला चिरा असतील तर पाय फाकत नाहीत किंवा तळ घसरतोय. कपाळावर, कानांच्या मध्ये टेंगूळ असेल तर छत बुटकं आहे किंवा दोरी आखूड आहे आणि घोडा मागे झटका मारतोय. अंगाच्या एकाच बाजूला घाम आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाजूचा मागचा पाय अवघडलेला असेल, तर तो एका कर्णावर भार धरून आलाय. त्याला कमी अंतरावर थांबे द्या.

लाथा मारणाऱ्या घोड्याची एक सोपी परीक्षा आहे. गाडी उभी असताना मारतो की चालत असताना? उभी असताना मारत असेल तर शेजारी, माश्या किंवा उकाडा हे कारण आहे. चालू असतानाच मारत असेल आणि थांबल्यावर गप्प होत असेल, तर त्याला शिक्षा करू नका. तो लाथ मारत नाही, पाय टेकायला जागा शोधतोय.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते खोकल्याकडे. प्रवासानंतर एक ते तीन दिवसांत घोडा सुस्त, नाकातून घाण, चारा टाकतोय, असं दिसलं तर त्याला थकवा समजू नका. घोडा मान खाली घालून छातीतली घाण बाहेर काढतो. डोकं वर बांधून त्याला बारा तास नेलं तर धूळ आणि जंतू श्वासनळीतच राहतात आणि न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून डोक्यासमोर उंच गव्हाण असलेली गाडी मला पसंत नाही. गव्हाणीमुळे मान खाली जात नाही आणि तिच्याखालच्या पोकळीत पुढचा पाय अडकतो तो वेगळाच. दोरी एवढी असावी की तोंड खांद्याच्या पातळीच्या बरंच खाली जाईल, पण पुढचा पाय दोरीवरून पलीकडे पडणार नाही. मोरखीची दोरी लोखंडी कडीत थेट बांधू नका, मध्ये सुतळीचा एक फेरा घ्या. घोडा अडकून जोर लावेल तेव्हा सुतळी तुटावी, मान नाही.

दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत, रस्त्यापासून आत थांबवा. पाणी दाखवा, दोरी सैल करा, चारा खाली टाका आणि वीस-पंचवीस मिनिटं मान खाली राहू द्या. हायवेच्या कडेला घोडा उतरवू नका. चारा किंचित ओला करून दिला की धूळ बसते. दाणा मात्र निघण्याआधी आणि प्रवासात बंद. घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटशूळ धरला तर वाटेत डॉक्टर मिळणं कठीण. घरी आल्यावर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघते. निरोगी मोठ्या घोड्याचा ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या दरम्यान असतो. १०१.५ च्या वर गेला की मी डॉक्टरांना फोन करते, खोकला यायची वाट बघत नाही.

तळ, हवा आणि चढण

जुनी गाडी घेताना रबराची चटई उचलायला सांगा. विकणारा टाळाटाळ करेल, तरी सांगा. लाकडी फळ्या असतील तर स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा, विशेषतः मागच्या-उजव्या भागात, जिथे तिरप्या घोड्याचं मूत साठतं. टोक आत शिरलं तर फळी कुजली आहे, आणि चालत्या गाडीत घोड्याचा पाय तळातून खाली जाण्याइतका भयंकर अपघात दुसरा नाही. चेकर प्लेट (उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) मजबूत असते पण ओली झाली की नाल घसरते. तिच्यावर घट्ट बसवलेली रबर चटई आणि वर पाचट किंवा पेंढा.

ताडपत्रीने सगळं बंद करू नका. वारा डोळ्यांत थेट लागू नये एवढंच बघा, डोक्याच्या वरच्या पट्टीत हवा खेळती हवी. उन्हाळ्यात आम्ही पहाटे तीनला निघतो.

चढवण्याबद्दल एकच सांगते. हौदा साडेतीन फूट उंच आणि फळी आठ फूट, तर चढण पंचवीस अंशांच्या वर जाते. त्यावरून घाबरलेला घोडा चढायला तयार होत नाही, आणि तिरप्या कप्प्यात तर वर आल्याबरोबर वळायचंही असतं. आम्ही शेताच्या बांधाला गाडी लावतो, म्हणजे फळी जवळपास सपाट पडते. मागच्या कोपऱ्यात सामानाची पेटी असेल आणि त्यामुळे दार अरुंद झालं असेल तर ती काढून टाका. घोड्याला अंधारी, निमुळती फट दिसली की तो पाय रोवतो, आणि मग लोक चाबूक काढतात. चंद्राला गाडी दुरुस्त झाल्यावर आठवडाभर रोज फक्त चढवलं, हिरवा लसूणघास दिला, उतरवलं. इंजिन सुरू केलं नाही. आठव्या दिवशी ती तात्यांच्या आधी वर गेली.

तिरप्या गाडीत पहिला चढलेला शेवटी उतरतो, आणि मधून कुणाला काढता येत नाही. म्हणून पोट बिघडण्याची सवय असलेला घोडा शेवटच्या कप्प्यात ठेवा, की वेळ आली तर लगेच बाहेर काढता येईल. नर आणि घोडी एकत्र न्यायची असतील तर नर पुढे. गाभण घोडी आणि शिंगरू इतरांबरोबर नेऊच नका, नियमातही ते चालत नाही.

दुरुस्तीनंतर सारंगखेडा

दत्तजयंतीच्या यात्रेला आम्ही नवीन कोनात चंद्राला आणि एका ६४ इंची नराला घेऊन गेलो. फलटणपासून ४०० किलोमीटरच्या पुढचं अंतर, ३५ च्या वेगाने एका दमात होत नाही, म्हणून शिर्डीच्या पुढे रात्रीचा मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी तापीच्या काठावर फाळका उघडला तेव्हा मी सवयीने आधी उजवा पुठ्ठा बघितला. जुन्या जखमेच्या जागी आता पांढरे केस आलेत, ते तसेच राहतील. पण त्या पांढऱ्या केसांवर एक ओरखडा नव्हता. चारही खुरांच्या कडा कोरड्या आणि साबूत.

नराच्या शेपटीचं मूळ मात्र किंचित घासलं होतं. तो चंद्रापेक्षा तीन इंच उंच आणि त्याच मापाने लांब. त्याच्यासाठी ३५ अंशही थोडे जास्त होतात. परत आल्यावर मिस्त्रींकडून पार्टिशनच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना तीन-तीन भोकांची पट्टी वेल्ड करून घेतली, म्हणजे पिन सरकवून कोन ३५ वरून ३२ किंवा ३० वर आणता येतो. तुम्ही नवीनच बांधून घेत असाल तर ही पट्टी पहिल्यापासून लावून घ्या. वेल्डिंगवाल्याला ते तासाभराचं काम आहे.